अंतरीच्या देवाचा आधार : चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराज

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर विभूतीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मनात पहिले नाव आले ते प. पू. श्री १०८ आचार्य शांतिसागर महाराजांचे. त्याला दोन कारणे आहेत. महाराजांचा विहार, आचार्यपद आणि उत्तरायुष्यातील वास्तव्य यांच्या खुणा सांगली-सातारा भागात जागोजागी आहेत, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पडणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जीवनात मिळते.

घरातील कर्ते माणूस अकाली जाते, जमलेला व्यवसाय बसतो, दुर्धर आजार मागे लागतो किंवा म्हातारपणी घर रिकामे होते. अशा वेळी माणसाची स्थिती दाट धुक्यात खंबाटकीच्या घाटात अडकलेल्या वाटसरूसारखी होते. पुढचे दिसत नाही आणि मागेही फिरता येत नाही. मग तो मंदिराची पायरी चढतो. परंतु आपला धर्म तर सांगतो की जिनेंद्र भगवान वीतराग आहेत. ते कोणाला काही देत नाहीत आणि कोणाचे काही हिरावूनही घेत नाहीत. तसे असेल, तर त्यांच्यासमोर बसून आधार कसला मिळतो? पेढीवर येणारे अजैन स्नेही हा प्रश्न विचारतात आणि अलीकडे आपल्या घरातील तरुण मुलेही विचारू लागली आहेत. ग्रंथांत याचे उत्तर आहेच. पण एका माणसाने ते ८३ वर्षे जगून दाखविले.

भोजचे सातगौडा

वेदगंगा आणि दूधगंगा या दोन नद्यांच्या संगमाजवळ भोज हे गाव आहे. त्या काळी ते मुंबई इलाख्यात होते, आज कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. तेथील भीमगौडा पाटील आणि सत्यवती या धर्मनिष्ठ दांपत्याच्या पोटी सन १८७२ मध्ये आजोळी, जवळच्याच येळगूळ गावी, या पुत्राचा जन्म झाला. नाव ठेवले सातगौडा. घर पाटलांचे, शेतीवाडी भरपूर, शरीर बलदंड. त्या वेळच्या रूढीप्रमाणे नवव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. परंतु काही महिन्यांतच त्या बालवधूचे निधन झाले. पुढे वयात आल्यावर घरच्यांनी पुन्हा विवाहाचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी नम्रपणे पण ठाम नकार दिला आणि ब्रह्मचर्य स्वीकारले.

मनात मुनिदीक्षेची ओढ होती. तथापि आई-वडिलांची इच्छा होती की आपण हयात असेपर्यंत या मुलाने घर सोडू नये. सातगौडांनी ती इच्छा शिरसावंद्य मानली. तारुण्यातील ही सगळी वर्षे त्यांनी घरात राहून, आई-वडिलांची सेवा करीत, मनाने मात्र विरक्त राहून काढली. वैराग्याच्या नावाखाली कर्तव्य टाळणे त्यांना मान्य नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

गावी आदिसागर मुनी येत, तेव्हा सातगौडा त्यांना आपल्या खांद्यावर घेऊन संगमाच्या पाण्यातून पैलतीरी पोहोचवीत. शेतात राखणीला बसले तर पाखरांना हाकलीत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवीत. बत्तिसाव्या वर्षी ते सम्मेदशिखरजीच्या यात्रेस गेले. तेथे पर्वत चढताना थकलेल्या एका वृद्ध यात्रेकरू स्त्रीस त्यांनी पाठीवर घेऊन वंदना घडविली. त्या पवित्र भूमीवर त्यांनी तूप आणि तेल यांचा आजन्म त्याग केला आणि घरी परतल्यावर दिवसातून एकदाच भोजन घेण्याचा नियम केला. हे सारे गृहस्थ असताना घडले, हे विशेष.

कापडाच्या दुकानातील विरक्त

माझ्यासारख्या व्यापाऱ्याला या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो सातगौडांच्या कापड दुकानाचा. होय, आचार्य शांतिसागर महाराज पूर्वाश्रमी कापडाचे दुकानदार होते. दुकानाचा खरा भार त्यांचे धाकटे बंधू कुमगौडा सांभाळीत. ते नसले म्हणजे सातगौडा गादीवर बसत. पण हाती बहुधा शास्त्रग्रंथ असे. गिऱ्हाईक आले की त्याला सांगत, आवडेल ते कापड स्वतःच निवडावे, आपल्याच हाताने मोजून फाडून घ्यावे आणि रोख पैसे ठेवावेत किंवा उधारी असल्यास वहीत लिहावी. कोणी चार बोटे अधिक मोजून घेईल, ही शंका त्यांच्या मनास शिवत नसे.

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चार दशके कापडाचे तागे उलगडण्यात घालविलेला माणूस म्हणून मी सांगतो, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. दुकानात बसलेल्या माणसाचे अर्धे लक्ष गल्ल्यावर आणि अर्धे रस्त्यावर असते. विक्री झाली नाही तर मन खाली जाते, झाली तर उद्याची चिंता लागते. आपले सुखदुःख आपण दिवसाच्या जमेवर टांगून ठेवतो आणि जमा घटली की हरवल्यासारखे होते. सातगौडांनी आपला आधार त्या वहीत ठेवलाच नव्हता. त्यामुळे वहीत काय लिहिले जाते याने त्यांचे मन हलत नव्हते. आपण सर्वांनी दुकाने अशी चालवावीत असे कोणी म्हणणार नाही, भोजमध्येही कुमगौडांची आवश्यकता होतीच. परंतु आपल्या मनाची किल्ली कोणाच्या हाती दिली आहे, एवढे तपासून पाहावयास काय हरकत आहे?

मित्राच्या उशाशी

भोज गावात रुद्रप्पा नावाचे एक लिंगायत गृहस्थ होते. धर्म वेगळा असूनही सातगौडांशी त्यांचा गाढ स्नेह होता आणि आत्मस्वरूपाविषयी दोघांची चर्चा चाले. प्लेगच्या साथीत रुद्रप्पांना त्या रोगाने गाठले. प्लेगच्या त्या वर्षांत रोग्याच्या जवळ जाण्यास सख्खे नातलगही धजत नसत. सातगौडा मात्र मित्राच्या उशाशी गेले आणि त्याच्या अखेरच्या घटकांत त्याला आत्म्याच्या अविनाशित्वाचे स्मरण देत, भगवंताचे नाव कानी घालीत राहिले. मित्राचे मरण त्यांनी टाळले नाही, ते कोणालाच टाळता येत नाही. मरणाच्या दारात तो एकटा पडणार नाही आणि त्याचे चित्त भयाकडे न जाता शांतीकडे वळेल, एवढे मात्र त्यांनी केले. आधार म्हणजे काय, याचा हा पहिला धडा होय. संकट दूर करणारा हात प्रत्येक वेळी लाभतोच असे नाही. पण संकटात चित्त स्थिर ठेवणारे स्मरण लाभू शकते.

पुसट झालेली वाट

आई-वडिलांच्या निधनानंतर, वयाची चाळिशी उलटल्यावर, सातगौडांनी गृहत्याग केला. उत्तूर येथे देवप्पास्वामी अर्थात देवेंद्रकीर्ती मुनींकडून त्यांनी क्षुल्लक दीक्षा घेतली आणि शांतिसागर हे नाव धारण केले. पुढे गिरनारच्या यात्रेत, भगवान नेमिनाथांच्या निर्वाणभूमीवर, त्यांनी ऐलकपद स्वीकारले. नंतर वाहनाचाही त्याग केला. सन १९२० मध्ये यरनाळ येथे त्यांनी दिगंबर मुनिदीक्षा घेतली.

आज आपल्याला मुनिसंघांचे दर्शन सहज घडते, त्यामुळे त्या वेळची परिस्थिती लक्षात येत नाही. कित्येक शतकांच्या राजकीय व सामाजिक उलथापालथीत दिगंबर मुनिपरंपरा अत्यंत क्षीण झाली होती. जे थोडे मुनी दक्षिणेत होते, त्यांच्या आचारातही काळाच्या दडपणाने शिथिलता आली होती. गावात जाताना अंगावर वस्त्र घ्यावे, आहाराचे घर अगोदरच ठरलेले असावे, अशा पद्धती रूढ झाल्या होत्या. शास्त्रात सांगितलेला मूलाचार एका बाजूला आणि डोळ्यांसमोरचा व्यवहार दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती होती. वाट कशी चालावी हे चालून दाखविणारे कोणी उरले नव्हते.

आपण हरवलो आहोत असे वाटणे ही एक गोष्ट; परंतु ज्या वाटेने जायचे ती वाटच पुसली गेली आहे, हे ध्यानात येणे किती कठीण असेल! महाराजांनी कोणाला दोष दिला नाही. गुरूंविषयी आदर ठेवून त्यांनी शास्त्र उघडले, त्यात जसे सांगितले तसे स्वतः वागण्यास आरंभ केला. ठरलेल्या घरचा आहार त्यांनी नाकारला. मुनींना आहारासाठी विधिपूर्वक कसे पडगाहन करावे, हेच श्रावकांना ठाऊक नसल्यामुळे त्यांना उपाशीच परतावे लागे. ते शांतपणे परतत आणि सामायिकास बसत. हळूहळू श्रावक शिकले. मार्गदर्शक नाही म्हणून ते थांबले नाहीत आणि त्यांच्या चालण्याने ती वाट मागून येणाऱ्यांसाठी पुन्हा मोकळी झाली.

कोन्नूरच्या गुहेत ते सामायिकास बसले असता एक सर्प त्यांच्या अंगावर चढला व बराच वेळ खेळत राहिला, तरी त्यांचे ध्यान ढळले नाही, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. ऐकणाऱ्याला यात चमत्कार दिसतो. महाराज स्वतः चमत्काराला महत्त्व देत नसत. जो आत स्थिर आहे त्याला बाहेरचे भय हलवीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण घ्यावा.

समडोळी ते शिखरजी, शिखरजी ते दिल्ली

सन १९२४ मध्ये सांगलीजवळील समडोळी येथे चतुर्विध संघाने महाराजांना आचार्यपद दिले. वीरसागर आणि नेमिसागर हे त्यांचे आरंभीचे मुनिशिष्य. आपल्या जिल्ह्याशेजारच्या एका साध्या खेड्यात विसाव्या शतकातील दिगंबर आचार्यपरंपरेचा पुन्हा आरंभ झाला, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

सन १९२७ मध्ये मुंबईचे शेठ पूनमचंद घासीलाल जवेरी यांच्या पुढाकाराने कुंभोज-बाहुबलीहून संघाचा शिखरजीकडे पायी विहार सुरू झाला. १९२८ मध्ये संघ शिखरजीस पोहोचला. तेथून पुढे कटनी, ललितपूर, मथुरा असे चातुर्मास करीत १९३१ मध्ये महाराजांनी दिल्लीत चातुर्मास केला. दिगंबर साधूंच्या विहारावर काही ठिकाणी निर्बंध होते. तरी महाराज राजधानीतून निर्भयपणे विहार करीत राहिले. पुढील काळात मुनींच्या विहारास कोणी आक्षेप घेऊ नये, म्हणून तेथील प्रमुख स्थळांसमोर त्यांची छायाचित्रेही काढविली गेली.

या उत्तर भारतातील विहारात राजाखेडा येथे एका मोठ्या जमावाने शस्त्रे घेऊन संघावर चाल केली होती. त्या दिवशी महाराजांनी नेहमीच्या वेळेआधी आहार उरकून सर्वांना आत सामायिकास बसविले होते, त्यामुळे मोठा अनर्थ टळला. पोलिसांनी हल्लेखोरांना पकडले. तेव्हा महाराजांनी त्यांना सोडून देण्याचा आग्रह धरला; ती माणसे बंधनात असताना आपण आहार घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ज्याच्या मनात भय नाही, त्याच्या मनात द्वेषालाही जागा नसते. सन १९३७ मध्ये नाशिकजवळील गजपंथा सिद्धक्षेत्री समाजाने त्यांना चारित्रचक्रवर्ती ही पदवी अर्पण केली. पदवीने त्यांच्या दिनक्रमात काहीच फरक पडला नाही. मुनिजीवनात त्यांनी केलेल्या उपवासांची संख्या नऊ हजारांहून अधिक भरते, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे.

आपल्या परिसरातील वास्तव्य

उत्तरायुष्यात महाराजांचे पाय पुन्हा आपल्या भागाकडे वळले. १९५० नंतरच्या वर्षांत बारामती, लोणंद, फलटण या पट्ट्यात त्यांचे चातुर्मास झाले. लोणंद तर आपल्या खंडाळा तालुक्यातीलच गाव. सन १९५२ मध्ये फलटण येथे त्यांचा हीरक महोत्सव मोठ्या प्रमाणावर साजरा झाला.

फलटणचे नाव आणखी एका महान कार्याशी जोडले गेले आहे. मूडबिद्री येथे ताडपत्रांवर जपलेल्या धवला, जयधवला आणि महाधवला या सिद्धांतग्रंथांपैकी महाधवलाचा काही भाग कीटकांनी नष्ट केल्याचे महाराजांना समजले, तेव्हा त्यांना अतिशय वेदना झाल्या. जिनवाणीच हरवली तर पुढच्या पिढ्यांनी वाट कोणाला विचारावी? त्यांच्या प्रेरणेने समाजाने निधी उभा केला आणि हे ग्रंथ अडीच हजारांहून अधिक ताम्रपटांवर कोरून घेण्यात आले. हे ताम्रपट फलटण येथे जतन केलेले आहेत. फलटण आपल्यापासून तास-सव्वा तासाच्या वाटेवर आहे. मुलाबाळांना घेऊन प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी त्यांचे दर्शन घ्यावे.

कुंथलगिरी : दृष्टी मंदावली तेव्हा

आता या चरित्राच्या शेवटच्या आणि सर्वांत तेजस्वी भागाकडे वळू. ऐंशी ओलांडल्यावर महाराजांची दृष्टी मंदावत गेली. आपल्या घरातील एखाद्या आजोबांचे डोळे गेले तर आपण शस्त्रक्रिया करतो, चष्मा देतो, हाताला धरून फिरवितो. परंतु दिगंबर मुनीच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. चार हात जमीन पाहून, जीवजंतू टाळून चालणे ही ईर्यासमिती. आहार डोळ्यांनी शोधून घेणे ही एषणासमिती. दृष्टीच गेली तर आपल्या पायाखाली, आपल्या घासात जीवहिंसा घडेल आणि आयुष्यभर जपलेले अहिंसा महाव्रत टिकणार नाही. वाट दाखविणाऱ्या महापुरुषाला पायाखालची वाट दिसेनाशी झाली होती.

अशा क्षणी सामान्य माणूस खचतो. महाराजांनी शांतपणे सल्लेखनेचा निर्णय घेतला. सध्याच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी या सिद्धक्षेत्रावर, जेथून कुलभूषण आणि देशभूषण मुनी मोक्षास गेले, तेथे १४ ऑगस्ट १९५५ पासून त्यांनी अन्नाचा त्याग केला. आरंभी अधूनमधून केवळ पाणी घेत, पुढे तेही सोडले. त्याच महिन्यात त्यांनी आचार्यपद जयपूर येथे असलेल्या शिष्य वीरसागर मुनींकडे पत्राद्वारे सोपविले. देशभरातून हजारो भाविक कुंथलगिरीला लोटले. काहींच्या डोळ्यांत अश्रू होते, महाराजांच्या मुद्रेवर मात्र प्रसन्नता होती.

उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांनी मराठीतून सुमारे बावीस मिनिटे अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित करण्यात आला. त्यात त्यांनी कोणताही चमत्कार, कोणतेही वरदान यांचा उल्लेख केला नाही. समाजाला त्यांनी भिऊ नये असे सांगितले, संयम धारण करण्यास सांगितले आणि सर्वाधिक भर दिला तो आत्मचिंतनावर. दररोज सहा घटका आत्मचिंतन करणे उत्तम, चार घटका मध्यम, दोन घटका किमान. तेवढेही जमत नसेल तर निदान दहा-पंधरा मिनिटे तरी स्वतःच्या आत्म्याकडे पाहावे, असे त्यांचे सांगणे होते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, हे आपण जाणतोच. उपवासाने शरीर काष्ठवत झालेले असताना ते आपल्यासारख्या व्यवहारी माणसांच्या सवडीचा विचार करीत होते आणि म्हणून दहा मिनिटांपर्यंत खाली उतरले होते. यात त्यांची केवढी करुणा दिसते!

रविवार, १८ सप्टेंबर १९५५, भाद्रपद शुद्ध द्वितीया. सल्लेखनेच्या छत्तिसाव्या दिवशी सकाळी पूर्ण सावध चित्ताने, सिद्धांचे स्मरण करीत, महाराजांनी देह ठेवला.

आपल्यासाठी या चरित्राचा अर्थ

आरंभी जो प्रश्न उपस्थित केला, त्याकडे पुन्हा वळू. वीतराग भगवंत काही देत नाहीत, तर त्यांच्या सान्निध्यात आधार कसला? महाराजांच्या जीवनावरून माझ्या अल्पमतीस उमगलेले उत्तर असे. भगवंताची प्रतिमा स्थिर आहे, निर्भय आहे, तिला काही मिळवायचे नाही आणि काही गमावायचे नाही. तिच्यासमोर आपण बसतो तेव्हा आपल्यातही तोच स्थिर, निर्भय आत्मा आहे, याचे स्मरण होते. अरिहंत, सिद्ध, साधू आणि केवलीप्रणीत धर्म या चार शरणांचा उच्चार आपण रोज करतो. त्या शरणांचा अर्थ कोणी येऊन आपले ओझे उचलील असा नाही. आपण आपल्या खऱ्या घरी परत येतो, असा तो अर्थ आहे. ज्याला हे घर सापडले, तो कापडाच्या दुकानात असो, प्लेगच्या रोग्याजवळ असो, शस्त्रधारी जमावासमोर असो किंवा अंधुक दृष्टीने मृत्यूच्या उंबरठ्यावर असो, तो हरवत नाही.

दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. संगमाच्या पाण्यातून मुनींना नेणारे, थकलेल्या वृद्धेला शिखरजीचा पर्वत चढविणारे, मित्राच्या उशाशी बसणारे सातगौडा आपण विसरू नयेत. ज्याला आतून आधार सापडतो, तो इतरांचा आधार होतो. आपल्या तालुक्यात आज अनेक घरांतील मुले नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईस व परदेशी गेली आहेत. मागे राहिलेली वृद्ध जोडपी, नुकताच जोडीदार गमावलेल्या भगिनी, व्यवसायात ठोकर खाल्लेले तरुण आपल्याच समाजात आहेत. त्यांना मंदिरात आणून दहा मिनिटे शेजारी बसणे, घरी जाऊन णमोकार मंत्र म्हणणे, हे कार्य कोणत्याही मोठ्या देणगीहून कमी नाही. पंथ कोणताही असो, मंदिर असो वा स्थानक, या कार्यास भेद नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल वर्षी प्रत्येकाने एवढाच एक नियम घ्यावा, अशी नम्र विनंती. दिवसातील दहा मिनिटे दुकान, दूरध्वनी आणि दूरदर्शन बाजूला ठेवून शांत बसावे आणि आपल्याच आत पाहावे. कुंथलगिरीच्या त्या टेकडीवरून एका महापुरुषाने आपल्याकडे मागितलेली ती शेवटची भिक्षा आहे. ती घालणे आपल्या आवाक्यात आहे.

चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांच्या चरणी त्रिवार वंदन.

जय जिनेंद्र!